उबवलेल्या अंड्यातलं पाणी

मुंग्या खाणाऱ्या जनावराच्या बिळात पाय जाऊन गाशेची नडगी मोडली, तेव्हा तो मागे वळून बायकोला काहीतरी सांगत हसत होता. पुढे बघून चालला असता तर काही झालं नसतं. बाऊच्या मनात पहिल्यांदा हेच आलं. मग त्याच्या नडगीचं हाड कातडीखालून वर आलेलं दिसलं आणि तिचा राग कुठल्या कुठे पळाला. गाशे दगडावर उताणा आपटला होता आणि पाठीवरच्या जाळीतली, पाणी भरून घेतलेली शहामृगाची अंडी त्याच्याच अंगाखाली सापडली होती. चांगली जुनी, जाडजूड कवचं होती ती. पण खाली दगड आणि वर धडधाकट गडी म्हटल्यावर ती तरी काय करणार? कुणी ओंजळ पुढे करेपर्यंत वाळूने सगळं पाणी पिऊन टाकलं.

तिघंच होती. गाशे, त्याची बायको चुको, आणि चुकोची आई बाऊ. गाशेचा विषारी बाण लागलेल्या कुडू हरणाचा माग काढत ती आली होती. मांस वाहून न्यायला दोघी बरोबर. बाकीची वस्ती मागे, एका दिवसाच्या वाटेवर, पाण्याच्या डबक्याकाठी होती. उद्या दुपारपर्यंत आलो नाही तर शोधायला निघा, असं सांगून ठेवलेलं होतं, आणि आमची माणसं माग काढत बरोब्बर येतात, त्यात शंका नाही. पण येईपर्यंत माणूस जगला पाहिजे ना! कालाहारीचा तो कडक महिना. टरबुजांचे वेल वाळून गेलेले, जमिनीतले पाण्याचे कंद चिपाडासारखे झालेले. बाऊच्या पाठीवरच्या एकाच अंड्यात पाणी उरलं होतं, तेही अर्धं.

आता पंचाईत बघा. बाऊ त्याची सासू. आमच्यात सासू जावयाशी बोलत नाही. त्याच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्या हातात थेट काही देत नाही, आणि तो तिच्या अंगाला स्पर्श होईल इतका जवळ बसत नाही. याला आम्ही मान म्हणतो. ज्याला हा मान ठेवता येत नाही त्याला कुणी माणसात मोजत नाही. त्यामुळे बाऊ बाभळीच्या खोडाकडे तोंड करून म्हणाली, "चुको, तुझ्या नवऱ्याला सांग, हलू नको म्हणावं."

"आई, त्याला ऐकू आलंय."

"येऊ दे. तू सांग."

"हलू नकोस म्हणतेय," चुको म्हणाली. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"तुझ्या आईला सांग, मी नाचायलाच निघालो होतो. बरं झालं आधी सांगितलं," गाशे म्हणाला. मग चुकोने पाय सरळ केला आणि तो असा ओरडला की बाऊने बाभळीलाच मिठी मारली.

पाय दोन काठ्यांमध्ये बांधून झाला. गाशेला बाभळीच्या सावलीत ओढून झालं. तेवढ्यानेच त्याच्या अंगातून घामाच्या धारा निघाल्या आणि अंग तापायला लागलं. हाड मोडलेल्या माणसाला तहान कशी लागते ते बाऊने पाहिलं होतं. तिचा नवरा तसाच गेला होता. त्याला पाणी होतं तरी गेला.

"पुरलेली अंडी आहेत ना!" चुको एकदम म्हणाली. "पावसाळ्यात आम्ही पाणी भरून पुरलेली. त्या एकट्या झाडाखाली. उन्हं डोक्यावर येईस्तोवर पोचू आणि संध्याकाळच्या आत परत. आई, आपली अंडी आहेत!"

बाऊ बाभळीची साल नखाने ओरबाडायला लागली.

"चुको," गाशे डोळे मिटून म्हणाला, "तुझ्या आईला सांग, अंडी कुणी आणली होती ते विसरू नका म्हणावं. परत आलात की माझं नाव घेऊन प्या."

हा असा. जीव जायची वेळ आली तरी बढाई जात नाही. चुकोने त्याच्याभोवती लाकडं रचली, त्याच्या हाताशी भाला आणि धनुष्य ठेवलं, लाकडावर लाकूड घासून जाळ केला. बाऊने आपलं अर्धं भरलेलं अंडं चुकोच्या हातात दिलं आणि चुकोने ते नवऱ्याच्या उशाशी ठेवलं. मग दोघी निघाल्या.

चुको पुढे, बाऊ मागे. चुको जवळजवळ पळतच होती आणि बोलत होती. भीती वाटली की ती बोलते, लहानपणापासून.

"चार मोठी अंडी आहेत आई. तोंडाशी गवताचं बूच घट्ट बसवलंय मी. खोल पुरलीत. गार असेल पाणी."

"हं."

"हं काय हं? पाय उचल की जरा. म्हातारी झालीस का?"

"तुझ्या जिभेला पाय असते तर तू एव्हाना पोचली असतीस," बाऊ म्हणाली. पण तिचं लक्ष बोलण्यात नव्हतंच. ती अंड्यांचा विचार करत होती.

पावसाळ्यात गाशेने ती अंडी वस्तीवर आणली तो दिवस तिच्या डोळ्यासमोर होता. केवढा तोरा! "बघा, बघा, एवढं मोठं अंडं कुणाच्या बापाने आणलंय का?" आमच्यात असं बोलत नाहीत. शिकार मोठी असली तर शिकारी मान खाली घालून येतो आणि म्हणतो, काही नाही मिळालं, एक मरतुकडं पाडस आहे. मग बाकीचे जाऊन बघतात आणि त्याचीच टर उडवतात. म्हणून कुणाचं डोकं फिरत नाही. गाशेचं फिरलेलंच होतं.

चुकोने अंडी आणून आईपुढे ठेवली, तेव्हा बाऊने एक उचलून हातावर तोललं होतं. आकाराच्या मानाने हलकं. बोटाच्या पेराने वाजवलं तर आवाज बद्द. कानाशी धरून हलवलं तर आत काहीतरी एकाच बाजूला सरकलं. तिला तेव्हाच कळलं. शहामृगाची जोडी कितीतरी दिवस त्या अंड्यांवर बसली होती. आत पिल्लं तयार होत आली होती.

अंड्यांचं बाऊला लहानपणापासून वेड. सापाचं अंडं चामड्यासारखं, बोट दाबलं तर दबतं, हातातून पडलं तरी फुटत नाही. कासवाचं गोल आणि ठिसूळ, हातभर वाळूखाली असतं म्हणूनच टिकतं. ठिपक्यांच्या रानकोंबडीचं तर एवढंसं, पण फोडायला दगड लागतो. आणि शहामृगाचं ताजं अंडं! पोरवयात बाऊ पैज लावून त्याच्यावर उभी राहिली होती, आणि सगळी पोरं टाळ्या पिटत होती. पण हेच अंडं उबत आलं की वेगळं होतं. आतलं पिल्लू आपली हाडं त्या कवचातूनच घेतं. बाहेरून बघाल तर अंडं तसंच, तेवढंच पांढरं, तेवढंच गुळगुळीत. आतून मात्र ते रोज थोडं थोडं खाल्लेलं असतं. म्हणूनच तर पिल्लाच्या मऊ चोचीने ते फुटतं. असलं कवच घासून मणी करायला चालतं. पाण्याला चालत नाही. हे आमच्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं.

आणि पोरीने त्यात भर घातली होती. ताज्या अंड्याला करंगळी जाईल एवढं भोक पाडलं की काडीने ढवळून सगळं ओतता येतं. पिल्लू असलं तर एवढ्याशा भोकातून निघत नाही. चुकोने भोक मोठं केलं, काठाचे टवके उडवले, आणि पिसं ओढून ओढून बाहेर काढली. बाऊ समोर मणी घासत बसली होती. तिने सगळं पाहिलं. तोंड उघडलं. मग मिटलं.

का मिटलं? कारण तिला वाटलं, फुटू देत. पाणी भरताना, भर वस्तीत, सगळ्यांच्या देखत फुटू देत. हसू देत लोक त्या फुशारक्याला. एकदा चांगली जिरली की सुधारेल. एवढंच तिच्या मनात होतं. पण दुसऱ्याच दिवशी ती दोघं अंडी भरून पुरून आली, आणि अंडी फुटली की नाही ते कुणाला कळलंच नाही.

नसतीलही फुटली, ती स्वतःला सांगत होती. वाळूत पुरलंय, वाळू सगळीकडून धरून ठेवते. वरून भार आला नाही तर नसतीलही फुटली.

आणि तेवढ्यात तिला खूर दिसले. इलँड हरणांचा मोठा कळप. बैलाएवढी जनावरं ती. ठसे जुने होते, कडा ढासळलेल्या, पण त्या एकट्या झाडाकडेच गेलेले. सावलीसाठी दुसरं झाडच नव्हतं तिकडे. बाऊ उभीच राहिली.

"काय गं? थांबलीस का?" चुको म्हणाली.

"काटा," बाऊ म्हणाली.

झाडाखालची वाळू तुडवून तुडवून पीठ झालेली होती. चुको गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी उकरायला लागली. पहिल्यांदा एक तुकडा निघाला. मग ओंजळभर तुकडे. चुकोने ते हातात धरून बघितले, जणू दुसऱ्याच कुणाचे आहेत. वाळू कोरडी ठणठणीत होती. पाणी केव्हाच खाली गेलं होतं. दुसरं अंडं हाताला अखंड लागलं. चुको ओरडली, "हे बघ!" आणि उचललं तर त्याची खालची बाजू वाळूतच राहिली. तिसऱ्याचा नुसता चुरा.

"असं कसं फुटलं गं आई? शहामृगाचं अंडं आहे! माणूस उभा राहतो त्याच्यावर!"

बाऊ तिच्या शेजारी बसली आणि मुळाच्या बेचक्यात हात घालून उकरायला लागली. बोलायला नको म्हणून. तिथे खाली, दोन जाड मुळांच्या मध्ये, चौथं अंडं होतं. खूर मुळांवर पडले असणार. तिने ते दोन्ही तळव्यांत घेऊन वर काढलं. जड. निम्म्याहून थोडं जास्त भरलेलं. आणि बुचापासून निघून निम्म्यापर्यंत खाली उतरलेली केसासारखी बारीक चीर.

चुकोने चीर पाहिली. मग हातातला तुकडा उन्हात धरला. उजेड त्यातून आरपार दिसत होता. ती काही मूर्ख पोर नव्हती.

"आत पिल्लं होती," ती हळू म्हणाली. "म्हणून का?"

"म्हणून."

"तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या नवऱ्याशी मी बोलत नाही."

"माझ्याशी बोलतेस ना!" चुको किंचाळली. "माझ्याशी तर दिवसरात्र बोलतेस! केस कसे बांधलेस, मणी कसे घासलेस, सगळ्यावर बोलतेस! एवढंच बोलायचं राहिलं?"

बाऊला वाटलं, हिने आता एक थोबाडीत मारावी. बरं वाटेल. पण पोरीने मारलं नाही. ती तोंड फिरवून बसली आणि तिची पाठ हलत राहिली. बाऊने त्याच झाडाचा डिंक खरवडून काढला, चावून चावून मऊ केला आणि चिरेवर लिंपला. पाण्याने डिंक सुटतो हे तिला कळत होतं, पण दुसरं होतं काय? बूच काढून तिने चुकोला एक घोट पाजला आणि एक स्वतः घेतला, चालण्यापुरता. आता पाणी चिरेच्या टोकाच्या जरासं वर होतं. अंडं उभंच्या उभं धरलं, हिसका बसू दिला नाही, तर पोचेल.

"जाळीत नको घालू," बाऊ म्हणाली. "दोऱ्या रुततील. मी ओटीत धरते."

तिने अंगावरचं कातडं पुढे ओढून पोटाशी खोळ केली, अंडं त्यात बसवलं आणि दोन्ही हातांनी खालून तोललं. गरोदर बाईसारखी ती चालायला लागली. चुको पुढे होऊन काटे बाजूला करत होती, बिळं दाखवत होती. बाऊचं सगळं ध्यान पोटाशी होतं. पाऊल टेकलं की आत पाणी डुचकळायचं आणि कवचाला आतून धक्का द्यायचं. बाहेरच्या धक्क्याला अंडं जेवढं टिकतं, तेवढं आतल्या धक्क्याला टिकत नाही. ती वाळूत पाऊल घासत घासत टाकायला लागली.

"जरा चल ना आई," चुको न राहवून म्हणाली. "सूर्य बघ कुठे गेला."

"पळाले तर फुटेल."

"नाही पळालीस तर तो मरेल!"

"ठाऊक आहे मला!"

आणि मग चुको खाली वाकली ती वाकलेलीच राहिली. वाळूत त्यांच्या दोघींच्या सकाळच्या पावलांचे ठसे होते. त्यांच्यावर, अगदी चुकोच्या टाचेच्या ठशावर, सिंहिणीचा पंजा उमटला होता. त्याच्या बाजूला दुसरा, जरा लहान. कडा अजून ताज्या होत्या. दोन सिंहिणी त्यांचाच माग उलटा धरून गेल्या होत्या. जिकडून या आल्या होत्या तिकडे. गाशेकडे.

चुकोने आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते बाऊला बघवेना.

"जा," बाऊ म्हणाली. "तू पळ. जाळ मोठा कर. मी पाणी घेऊन येते."

"तू एकटी?"

"माझं हे चिपाड कोण खातंय? पळ म्हणते ना!"

चुको पळाली. थोड्या वेळाने तिचं डोकंसुद्धा गवतात दिसेनासं झालं. आता बाऊ होती, आणि ते अंडं होतं.

खरं सांगायचं तर बाऊ तेव्हा सिंहिणींना भ्यायली नाही. नवरा गेल्यापासून मरणाचं भय तिला फारसं उरलं नव्हतं. ती भ्यायली ती त्या अंड्याला. पोटाशी धरलेल्या, दोन तळव्यांत मावणाऱ्या वस्तूला. श्वास मोठा घेतला तर पोट अंड्याला लागेल म्हणून ती श्वाससुद्धा वरच्यावर घ्यायला लागली. टाचेत खरोखरचा काटा गेला. वाकून काढायची सोय नव्हती. ती त्याच पायावर चालत राहिली.

मग मांडीवरून काहीतरी कोमट ओघळलं. डिंक सुटला होता. तिने अंगठा चिरेवर दाबला. जोरात दाबलं तर कवच आत जाईल, हलकं दाबलं तर पाणी बाहेर येईल. किती जोर? कुणी शिकवलेलं नाही हे. तिने अंगठ्याला सांगितलं, तू बघ बाबा. चालता चालता एकदा अगदी बारीक आवाज आला, टिक, आणि अंगठ्याखाली चीर पुढे सरकली. बाऊ जागच्या जागी थांबली. तिच्या तोंडून हुंदका बाहेर पडला.

"फुटू नकोस," ती अंड्याला म्हणाली. "मी तुला फूट म्हटलं होतं. कबूल आहे. मनात म्हटलं होतं, पण म्हटलं होतं. आता नको म्हणते ना! आता नको."

मग ती पुन्हा चालायला लागली. चिरेच्या टोकावरचं पाणी गेलं, ओटीतलं कातडं भिजलं. पण चिरेच्या टोकाखाली अजून पाणी होतं. सूर्य खाली आला तसा तिला धूर दिसला. धूर होता, म्हणजे चुको होती. गाशेचं काही कळत नव्हतं.

बाभळीजवळ पोचली तेव्हा उन्हाचा नुसता तांबडा पट्टा राहिला होता. चुको जाळाच्या पलीकडे, पाठमोरी, हातात पेटलेलं लाकूड घेऊन उभी होती. तिच्यापुढे, दगड फेकला तर लागेल इतक्यावर, गवतात दोन सिंहिणी बसल्या होत्या. गुरगुरत नव्हत्या की काही नाही. कुत्र्यासारख्या पुढच्या पायांवर बसून बघत होत्या. त्यांना काही घाई नव्हती.

"आई?" चुको मान न वळवता म्हणाली.

"आले."

"पाणी?"

"आहे."

"त्याला दे. बोलत नाहीये तो. मघाशी हाका मारल्या, बोलत नाहीये."

"तू ये. तू दे. मी लाकूड धरते."

"मी मागे सरकले की ती मोठी उठते! दोनदा उठली! आई, मी इथून हलू शकत नाही!"

बाऊने आभाळाकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं. मग जन्मात पहिल्यांदा जावयाच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ फाटलेले, जीभ सुजून दातांत आलेली. उशाचं अंडं रिकामं होऊन गडगडत लांब गेलं होतं. केवढंसं तोंड होतं ते. बढाया मारणारं तोंड मोठं असेल असं तिला इतके दिवस वाटत होतं.

ती खाली बसली. एका हाताने तिने त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. दुसऱ्या हाताने अंडं वर काढलं, बूच दातांनी उपटलं आणि भोक त्याच्या ओठांजवळ नेलं.

गाशेने डोळे उघडले. आपलं डोकं कुणाच्या मांडीवर आहे ते त्याला दिसलं. अंगात ताप, डोक्यात अंधार, मरण हातभर अंतरावर, आणि त्या पोराने काय करावं? त्याने मान राखला. सासूपुढे तोंड झाकायला हात वर केला.

कोपर अंड्याला लागलं. जोर असा नव्हताच त्यात. पण अंडं बाऊच्या हातात मिटलं. वाळकं पान चुरगळावं तसं. होतं नव्हतं ते सगळं पाणी तिच्या ओटीत सांडलं.

"आई? कसला आवाज झाला?"

"पुढे बघ!"

कातड्याच्या खोळीत पाणी साचलं होतं आणि कडेकडेने पाझरत होतं. तुकडे त्यात तरंगत होते. बाऊने खोळ दोन्ही मुठींत आवळून धरली आणि तिचं टोक गाशेच्या तोंडाशी आणलं. सासूच्या ओटीतलं पाणी. आमच्यात हे बोलायलासुद्धा कुणाची जीभ रेटणार नाही. गाशेने दात घट्ट मिटले आणि मान फिरवली.

"तोंड उघड," बाऊ म्हणाली.

त्याने नाही उघडलं.

"तोंड उघड मेल्या! मान गेला खड्ड्यात! तुझी अंडी पातळ होती, मला दिसत होतं, मी मुद्दाम गप्प बसले. ऐकतोस? माझ्या गप्प बसण्यानं तू असा पडलायस. आता तू मेलास तर मी त्या पोरीला तोंड कसं दाखवू? उघड म्हणते ना! माझ्याकडे बघू नकोस हवं तर. डोळे मीट. पण तोंड उघड, पोरा!"

त्याने डोळे मिटले. दात मात्र सुटेनात. बाऊने लहान मुलाचं धरतात तसं त्याचं नाक चिमटीत धरलं. त्याने कळ काढली, काढली, आणि शेवटी श्वासासाठी तोंड उघडलं. बाऊने कातडं पिळलं. पाण्याला तिच्या घामाची, राखेची, चरबीची चव असणार. घशाची गाठ वरखाली झाली. घोट खाली उतरला. तिने पुन्हा पिळलं. दुसरा घोट उतरला. बाऊ आता रडत होती आणि रडता रडता पिळत होती.

पलीकडे चुकोने लाकूड गरगर फिरवलं. ठिणग्या उडाल्या. मोठी सिंहीण दोन पावलं मागे जाऊन पुन्हा बसली.

गाशेचे ओठ हलले.

"आणखी," तो म्हणाला.

"आहे, आहे. थांब," बाऊ म्हणाली आणि कातड्याची दुसरी बाजू उलटून त्याच्या तोंडाशी धरली.

"आई!" चुको ओरडली. तिचा आवाज चिरकला होता. "बोलला ना तो? कुणाशी बोलतोय?"

"माझ्याशी," बाऊ म्हणाली. "तू जाळाकडे बघ."